बारशाआधीची हाक

१

योगेशच्या पोराला जन्मून महिना होत आला तरी त्याला नाव नव्हतं, आणि त्याचा दोष घरातला प्रत्येक जण दुसऱ्याच्या पदरात घालत होता.

खरं तर हक्क गायत्रीचा. ती योगेशची धाकटी बहीण, म्हणजे पोराची एकुलती एक आत्या. बारशाला पाळण्यात वाकून कानात नाव सांगणार ती. पण सुरतेत, कोसाडच्या आवास कॉलनीतल्या त्या दीड खोलीत हक्क आत्याचा आणि तोंड सगळ्यांचं, असा कारभार होता.

योगेश पलसाण्याला कापड रंगवायच्या मिलमध्ये पाळी करायचा आणि घरी येऊन निळ्या-हिरव्या नखांनी मोबाइलवर नावं शोधायचा. त्याला 'शिवांश' हवं होतं. त्याच्या बायकोला, नूतनला, 'आरव' आवडलं होतं.

"गॅलरीत उभी राहा आणि आरव म्हणून हाक मार, वहिनी," गायत्री म्हणाली. "निम्मी कॉलनी जेवायला वर येईल. भाकरी जास्तीच्या थापून ठेव म्हणजे झालं."

"मग तू सांग ना एखादं."

"सांगणारच आहे. जुनं सांगणार. पितळेच्या हंड्यासारखं. घासलं की चकाकणारं."

नाव ठेवायच्या आधी ते मोडून बघायचं, ही गायत्रीची रीत. कारण पूर्ण नाव फक्त लग्नाच्या पत्रिकेत छापतात. बाकी आयुष्य माणूस तुकड्यावरच काढतो. विश्वनाथ घ्या, त्याचा विश्या होणार. गणेशचा गण्या ठरलेलाच. त्यात हे सुरत. मराठी पोरं नावाचं शेपूट तोडतात आणि गुजराती शेजारी त्याला नवं शेपूट लावतात. समोरच्या रमीलाबेन योगेशला अजून 'योगियो' म्हणायच्या.

"उखर्डू ठेवा," सरलाबाई म्हणाली. ती गायत्रीची आई. शेंगा सोलता सोलता, मान वर न करता बोलली.

उखर्डू म्हणजे उकिरड्यावरून उचलून आणलेला.

"आधार कार्डावर?" गायत्री भडकली. "शाळेच्या हजेरीत? 'उखर्डू, प्रेझेंट मॅडम'?"

"तुले काय कळस? कॉलेज सोडी घर बसनी आन् आम्हले शिकाडस."

हे आलंच. कुठलीही गोष्ट या घरात शेवटी गायत्रीच्या कॉलेजवर येऊन टेकायची. दुसऱ्या वर्षाला सर पुस्तक वाचून दाखवायचे आणि पोरांनी ते उतरवून घ्यायचं. एक दिवस ती उठली, "पुस्तक मला वाचता येतं," म्हणाली आणि घरी आली. तेव्हापासून साड्यांना खडे चिकटवत होती. बोटांना डिंक, जिभेला धार.

"बाबांचं नाव दगा ठेवलं, म्हणजे दगड. काकांचं भिका. का? तर चांगलं नाव ठेवलं की पोर टिकत नाही. आणि दवाखाना कुणी बघितला होता का गावात? तो नाही बघायचा. नाव मात्र घाण ठेवायचं."

दगा, तिचा बाप, भिंतीला टेकून चहा पीत होता. कापड विणायच्या लूमच्या खडखडाटात उमर काढल्यामुळे त्याचे दोन्ही कान गेले होते. "काय म्हनस ती?" त्याने ओरडून विचारलं.

"उखर्डूऽऽ!" सरलाबाई त्याच्या कानाशी ओरडली.

"हां. चांगलं शे."

म्हाताऱ्या माणसांची एक खोड असते. भीती त्यांची, आणि ती आयुष्यभर अंगावर वागवायची दुसऱ्याने. आतल्या अर्ध्या खोलीत नूतन पोराला पाजत होती. पडद्यामागून तिचं नाक ओढल्याचा आवाज आला.

"रडू नको, वहिनी," गायत्रीने मोठ्याने सांगितलं. "केशव ठेवू. केशव म्हणजे कसं, उभं राहणारं नाव आहे."

२

कॉलनीतली संध्याकाळ हाकांचीच असते. दिवे लागले की आया आपापल्या गॅलरीत येतात आणि खाली खेळणाऱ्या पोरांच्या नावाने गळा काढतात. अहिराणीत, गुजरातीत, हिंदीत, उडियात. कुणाला पाढे म्हणायचे असतात, कुणाला मार खायचा असतो. त्या गलक्याकडे कुणी लक्ष देत नाही.

गायत्री गॅलरीत साडीवर वाकून खडे लावत होती. तेवढ्यात त्या गलक्यातून एक हाक वेगळी झाली.

"केश्याऽऽ… ए केश्याऽऽ…"

बाईचा आवाज. ना तरुण, ना म्हातारा. रागाचा तर अजिबात नाही. पोराला उशीर झालाय, पण आईला त्याचं कौतुकच आहे, असा.

गायत्रीने चिमटा खाली ठेवला. "घ्या! आहे एक केशव कॉलनीत. आणि त्याचा केश्या होऊनही बसला."

"मग?" नूतनने आतून विचारलं.

"मग काय? बाद. उद्या शाळेत दोन केशव, म्हणजे एक मोठा केश्या आणि एक छोटा केश्या. आपला छोटा. जन्मभर छोटा."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने माधव काढलं. नूतनला ते आवडलं. रमीलाबेन सुंठीचे लाडू घेऊन आल्या होत्या. त्यांनी तोंडात घोळवून बघितलं आणि लगेच माधियो केलं. ते ऐकून दोघी हसल्या. हसण्याने पोर दचकलं आणि पुन्हा झोपलं.

दिवे लागले. सरलाबाईने कुकर चढवला.

"माध्याऽऽ… ए माध्याऽऽ… येऽ रे…"

"अरे काय डोकं फिरलंय का लोकांचं!" गायत्री ओरडली. "इतकी वर्षं सगळ्यांना आरव आणि विवान पाहिजे होते, आणि आता मी जुनं शोधायला लागले तर सगळी जुनी नावं निघाली बाहेर?"

सरलाबाई उठली, तिने गॅलरीचं दार लावलं, खिडकीची काच ओढली. उकाड्याचे दिवस. दीड खोलीत पाच माणसं आणि एक कुकर.

"आई, जीव जाईल गरमीने. उघड ते."

"मच्छर येतस."

भिंतीशी दगा जेवायला बसला होता. त्याच्या तोंडात घास होता. तो चावायचा थांबला होता, आणि काचेकडे बघत होता.

३

"माधव?" रमीलाबेन म्हणाल्या. "आपणी बिल्डिंगमा कोई माधव नथी."

त्या कॉलनीच्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. पोलिओच्या डोसाला कोणतं पोर पळून कुठल्या जिन्याखाली लपतं, इथपर्यंत त्यांना माहीत.

"बाजूच्या बिल्डिंगमध्ये?"

"ना रे. माधव नथी, केशव बी नथी. आ बधा तारा ज शोख छे, गायत्री." असले शौक तिचेच, असं त्यांचं म्हणणं.

गायत्रीला उलट बरं वाटलं. पोरं नाहीत, म्हणजे कुणीतरी मुद्दाम करतंय. या इमारतीच्या भिंती अशा की एका घरात लसूण सोलला तर दुसऱ्या घरात शिंक यायची. खालच्या मजल्यावर नाही तरी सगळ्या कान लावून बसलेल्या. कॉलेज सोडलेल्या पोरीला पुस्तकी नावं सुचतात, म्हणून कुणीतरी टिंगल चालवली होती. तिची खात्रीच झाली.

"ठीक आहे," ती नूतनला म्हणाली. "आता नाव बोलायचंच नाही."

तिने मोबाइल घेतला, टाइप केलं, आणि पडदा बाजूला करून नूतनसमोर धरला. अच्युत.

नूतनने वाचलं. तिचे ओठ हलायला लागले तशी गायत्रीने तिच्या ओठांवर बोट ठेवलं. मग पुन्हा टाइप केलं. जो पडत नाही, ढळत नाही तो. हिंदीवाल्यांना बोलता येणार नाही. रमीलाबेनला तोडता येणार नाही. कॉलनीत दुसरा सापडणार नाही.

नूतन हसली. बाळंतपणानंतर ती पहिल्यांदा अशी हसली होती, सगळा चेहरा उजळून. तिने पोराकडे बघितलं, जणू नाव त्याच्या कपाळावर बसतंय का ते पाहत होती. मग गायत्रीचा हात दाबला.

त्या संध्याकाळी गायत्री मुद्दाम दार उघडून गॅलरीत बसली. आता बोला म्हणावं.

आया हाका मारून दमल्या. पोरं जिने चढून वर गेली. कुठल्याशा घरात मालिकेचं गाणं लागलं. आणि मग तो आवाज आला.

"एऽऽ…"

पुढे काही नाही. एक नाव मावेल एवढी जागा रिकामी.

"…येऽ रे."

पुन्हा. "एऽऽ…" ती जागा. "…येऽ रे."

ती थट्टा वाटत नव्हती. पाठ केलेल्या ओळीतला एक शब्द विसरावा आणि तेवढ्याच शब्दाशी अडखळत राहावं, तसं ते होतं. गायत्रीच्या मानेवर घाम आला. उकाडा, ती स्वतःला म्हणाली. उकाडाच होता.

४

कुठलीही गोष्ट डोक्यात शिरली की ती नीट लावल्याशिवाय गायत्रीला चैन पडत नसे. साडीचा खडा तिरका बसला तरी ती उचकटून पुन्हा चिकटवायची. दुपारभर ती विचार करत बसली. त्या आवाजात काहीतरी तिरकं बसलं होतं.

आणि मग तिच्या लक्षात आलं.

कॉलनीतल्या सगळ्या आया वर असतात आणि पोरं खाली. हाक वरून खाली जाते. लहानपणापासून तिने हेच ऐकलं होतं. ही बाई खालून वर हाक मारत होती.

खालून हाक मारतात ती पोरं, मित्राला खेळायला बोलावताना. पण आई खाली उभी राहून पोराला कुठे बोलावते? आणि ये म्हणजे कुठे ये?

"मूर्खपणा," गायत्री मोठ्याने म्हणाली. बाई कामावरून येत असेल, तिचं पोर घरात असेल. सामान उचलायला बोलावत असेल. शंभर कारणं असू शकतात. तिने शंभरातली बरीच काढली. एकही धड चिकटेना.

मग तिने परीक्षा घ्यायची ठरवली. घरात नूतन आणि पोर झोपलेले, आई भाजीला गेलेली, बाप खाटेवर. ती न्हाणीत शिरली. दार लावलं. बादलीखाली नळ पूर्ण सोडला. आणि पाण्याच्या त्या धडधडाटात, भिंतीकडे तोंड करून, कुणी सपनातही ठेवणार नाही असं नाव ओठातल्या ओठात म्हणाली.

"जनार्दन."

दिवेलागणीला ती गॅलरीत नव्हतीच. चप्पल घालून जिन्याच्या तोंडाशी उभी होती. हाक आली की धावायचं आणि त्या बयेचा झिंज्या धरून समाचार घ्यायचा. शेजारी असो, कुणी का असो.

"जनूऽऽ…"

गायत्री धावली. रागाचा एक फायदा असतो, तो पायांना पुढे ढकलत राहतो. एकेका वळणावर आवाज जवळ येत होता. "ए जनूऽऽ… येऽ रे राजा…" शेवटच्या वळणावर तो इतका जवळ होता की बाईने मधे घेतलेला श्वासही ऐकू आला.

खाली कुणी नव्हतं.

म्हणजे पोरं होती. नेहमीसारखी क्रिकेट खेळत होती. सायकली होत्या, उभी रिक्षा होती. पण जिन्याच्या बाजूला, बरोबर त्यांच्या गॅलरीखाली, एक कोपरा मोकळा होता. कॉलनीत मोकळी जागा म्हणजे सोनं. तिथे एक सायकलसुद्धा टेकवलेली नव्हती. गायत्री बघत असतानाच एका पोराने चेंडू टोलवला, तो त्या कोपऱ्यात गेला. कुणीही आणायला गेलं नाही. कुणी तिकडे बघितलंही नाही. एकाने खिशातून दुसरा चेंडू काढला आणि खेळ पुढे सुरू.

"काय रे, आणता येत नाही?" गायत्री खेकसली.

"रहने दो, दीदी," एक मुलगी म्हणाली आणि पुन्हा फिल्डिंगला वाकली.

गायत्री चिडून स्वतः गेली. चेंडू उचलला. तो गरम होता. उन्हाने तापलेला असता तर वेगळं, पण ऊन कधीच गेलं होतं, आणि तो कोपरा सावलीचा. कुणीतरी बराच वेळ मुठीत धरून ठेवावा तसा, घामट गरम होता.

तिने तो टाकला आणि वर न बघता जिना चढली. वर बघितलं नाही, कारण तिथून वर बघितलं की काय दिसतं ते तिला माहीत होतं. त्यांची गॅलरी दिसते, आणि त्या गॅलरीत वाळत घातलेली लंगोटं.

५

"कोण आहे ती?"

सरलाबाई पोराला तेल लावत होती. नूतन अंघोळीला गेली होती. सरलाबाईचा हात पोराच्या छातीवर तसाच थांबला.

"कोन?"

"आई, मला वेडी बनवू नकोस. तू काच लावतेस. बाबा बहिरे आहेत, त्यांना शेजारी फटाका फुटला तरी कळत नाही, आणि ती हाक आली की घास चावायचे थांबतात. तुम्हा दोघांना माहीत आहे."

तेलाचा हात पुन्हा फिरू लागला.

"एक व्हता," सरलाबाई शेवटी म्हणाली. "योगेशना आगोदर. भेस्तानले ऱ्हायचो तवय. आम्ही चांगलं नाव ठेवेल व्हतं. सारी चाळ कौतुक करे."

गायत्रीला आणखी एक मोठा भाऊ होता. वीस वर्षांत हे कुणी तिला सांगितलं नव्हतं. घरात त्याचा फोटो नाही, त्याची एक आठवण नाही.

"काय झालं त्याला?"

"गया."

"गया म्हणजे? आजारी होता?"

"नही. चांगला व्हता." सरलाबाईने पोराची मूठ उघडली, पुसली, पुन्हा मिटवली. "रांगेबी नही अजून. दार बंद व्हतं. मी चुल्हापाशी व्हती. हाक उनी, आन् मी पाठ फिराई तं झोळी रिकामी…"

तिने पोराच्या दोन्ही मुठी आपल्या हातात धरल्या.

"आणि हे तुम्ही आजपर्यंत पोटात ठेवलंत? मी इथे रोज उठून नावं फेकतेय खिडकीतून, आणि तू शेंगा सोलत बसतेस?"

"सांगं तं ऐकलं असतंस?"

गायत्रीने ऐकलं नसतं. हसली असती. पण म्हणून सांगायचंच नाही? हा यांचा न्याय. आधी तोंड शिवायचं आणि मग समोरच्यालाच बहिरा ठरवायचं.

"योगेशभाऊला म्हणून धोंड्या म्हणायचात. शाळेत जाईपर्यंत."

"हां."

"आणि मला? मला तर गायत्री ठेवलंत. पहिल्या दिवसापासून."

"तू तं पोरगी." सरलाबाईला त्यात काही वावगं बोलल्यासारखं वाटलंच नाही. "तुले कोन बोलावस?"

म्हणजे त्या हाक मारणारीलाही पोरगाच पाहिजे. गायत्रीला हसू आलं.

"उखर्डू सांग कानात," सरलाबाई म्हणाली. आता ती विनवत होती, आणि आईला विनवताना बघायची गायत्रीला सवय नव्हती. "नाव घाण ऱ्हायनं तं तिले नको व्हस. चार-पाच वरीस. मंग शाळामा तुले जे घालनं ते घाल."

"वहिनीला सांगावं लागेल."

"नको. ओली बाळंतीन शे. दूध जाई तिनं. घाबरी नि पोऱ्याले माहेर लई जाई, आन् तठे कोन शे काच लावाले? बारसं व्हऊ दे, मंग सांग."

न्हाणीतला नळ बंद झाला. नूतन केस पुसत बाहेर आली, दोघींकडे बघून म्हणाली, "काय झालं? भांडलात का पुन्हा?"

"नेहमीचंच," गायत्री म्हणाली.

बारसं होऊ दे, मग सांगू. तिला ते पटलं, हीच गोष्ट तिला त्या वेळी खटकायला हवी होती.

६

बारशाला खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. घुगऱ्यांचा वास, नव्या साड्यांची सळसळ, पंख्याखाली बसायला चाललेली ढकलाढकल. पाळणा शेजारून मागून आणलेला. भिंतीला लागून ठेवला होता, इतका चिकटून की मधे हात शिरला नसता. नूतनने त्याला माहेरची जांभळी साडी लपेटली होती. ती स्वतः नटून बसली होती आणि गायत्रीशी नजरानजर झाली की ओठ दाबून हसत होती. गुपित दोघींचं होतं ना.

"सांग वो आत्या लवकर, घुगऱ्या गार होतात!"

"जुनंच ठेवणार ती. म्हाताऱ्याचं!"

बायकांनी पोराला पाळण्याखालून, वरून फिरवून आत ठेवलं. गायत्री वाकली. मागे बायका सज्ज झाल्या. आत्या कानात 'कुर्र' म्हणाली की तिच्या पाठीत धपाटे घालायची रीत. जमलेल्या सगळ्या झाडून तिच्या मागे होत्या. तिने मुद्दाम मागे वळून बघून घेतलं होतं.

साडीच्या आडोशाला उजेड जांभळा झाला होता. पोर जागं होतं. तिने त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेलं.

पलीकडे, भिंतीच्या बाजूने, साडीचं कापड आत आलेलं होतं.

वाऱ्याने फुगतं तसं नव्हे. वारा नव्हताच. कापड एका जागी ताणलं गेलं होतं, पोराच्या डाव्या कानाच्या अगदी जवळ. त्या ताणाला उंचवटा होता, खळगा होता. गालाचं हाड, आणि त्याच्या मागे कापडाला घट्ट दाबलेला, नीट ओळखू येणारा एक कान.

ऐकायला आलेला.

"अगं बोल की! झोपली का?"

गायत्रीच्या जिभेवर अच्युत होतं. इतके दिवस घोळवलेलं, घासून चकाकवलेलं. तिने ते गिळलं.

"कुर्र," ती म्हणाली. "उखर्डू."

पाठीत धपाटे बसले, बायका खिदळल्या. कापडातला तो उंचवटा हलला नाही. नीट ऐकू न आलेल्या माणसाने अजून जरा थांबून बघावं, तसा थांबला. मग हळूहळू मागे सरला, आणि साडी सपाट झाली.

"काय नाव, काय नाव?"

गायत्री सरळ झाली. तिने नूतनकडे बघितलं नाही. "उखर्डू," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळ्याच हसल्या. "अय्या, खरंच?" "मजा करते ती!" "ना, ना, खरु नाम बोल ने, गायत्री!" कोपऱ्यात दगा एकटा मान डोलावत होता. योगेशचा चेहरा मिलमधला रंग चढल्यासारखा झाला, पण आईने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि तो गप्प बसला. धोंड्याच तो.

नूतन हसली नाही. तिने पोराला पाळण्यातून उचललं आणि पडदा ओढून आत गेली.

७

बायका घुगऱ्यांचे द्रोण घेऊन गेल्या. योगेश पाळणा परत द्यायला खाली उतरला. दिवे लागले. गॅलऱ्यांतून हाका सुरू झाल्या, वरून खाली, रोजच्यासारख्या. गायत्री कान देऊन बसली. ती हाक काही आली नाही. गॅलऱ्या ओस पडल्या, मालिकेचं गाणं लागलं, तरी आली नाही.

सरलाबाईने कितीतरी दिवसांनी काच सरकवली. वारा आत आला. दगा जेवायला बसला आणि मचमच आवाज करत चावू लागला. तो आवाज गायत्रीला एरवी असह्य व्हायचा. आज तिला तो गोड वाटला.

आता सांगायचं. सगळं सांगायचं. ती पडदा सारून आत गेली.

नूतन भिंतीकडे तोंड करून बसली होती, पोर मांडीवर.

"वहिनी…"

"उखर्डू," नूतन म्हणाली. आवाज रडून जड झालेला. "सगळ्या बायकांसमोर. माझ्या माहेरची माणसं होती, गायत्री. तू माझ्या बाजूची आहेस असं वाटायचं मला. या घरात एक तरी."

"ऐक तरी. कारण आहे. आईने मला…"

"आईने सांगितलं आणि तू ऐकलंस. झालं की मग. मला कोण सांगणार? मी कोण? मी त्याची फक्त आई."

"मी सांगते ना. आत्ता सांगते. आधी एक कर, ते आपलं नाव…"

"नका सांगू. तुमचं तुम्ही बाहेर काय म्हणायचं ते म्हणा." नूतनने पोराला वर घेतलं, नाकाला नाक लावलं, आणि गायत्रीने हात पुढे करेपर्यंत बोलूनही गेली. "तू नाहीस रे उखर्डू. तू माझा अच्युत आहेस. माझा अच्चू. अच्चू गं माझा तो."

गायत्रीने तिच्या तोंडावर हात दाबला. नूतन घाबरून बघत राहिली.

बाहेर दगाचं चावणं थांबलं.

गायत्री वाट बघत होती ती खिडकीकडून, खालून येणाऱ्या हाकेची. ती खालून आली नाही. पडद्याच्या पलीकडून आली. अगदी हळू, कारण एवढ्या जवळून ओरडायची गरज नसते.

"अच्चू."

नूतनच्याच लाडाने, नूतनच्याच हेलात. आणि पाठोपाठ, सरलाबाईने कधीच काढला नव्हता असा एक आवाज, मग हातातलं भांडं पडल्याचा, आणि मग काही नाही.

गायत्रीने पोराला ओढून घेतलं. दोन्ही तळव्यांनी त्याचे कान झाकले, घट्ट, त्याला दुखेल इतके घट्ट. महिनाभराचं ते पोर, अजून मान धरत नव्हतं. तिच्या हातात ते रडलं नाही. त्याची मान सावकाश, स्वतःच्या बळावर, तिच्या खांद्यावरून पडद्याकडे वळली.

आणि ते हसलं. जन्मल्यापासूनचं त्याचं पहिलं, ओळखीचं हसू. ते घरातल्या कुणाकडे बघून नव्हतं.